इराणच्या गोठवलेल्या पैशावरचं स्वतंत्र पान: वाचलं, पटलं, ते वेगळंच राहू द्या

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली सांगतो.

ऑनलाइन फुकट ज्ञानकोशात इराणच्या गोठवलेल्या मालमत्तेवर, म्हणजे परदेशी बँकांत असलेल्या पण काढू न दिलेल्या पैशावर, वेगळं पान आहे. आमचा भाचा राजारामपुरीत अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतोय. तो रविवारी जेवताना म्हणाला, मामा, याला वेगळं पान कशाला पायजे, निर्बंधांच्या पानात एक परिच्छेद टाकला की झालं. मला ते पटेना म्हणून दोन रात्री बसून सगळं वाचून काढलं.

मी बावीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे. आमच्या आण्णांची एफडी एका सहकारी बँकेत अडकली होती, नाव घेत नाही. पासबुकावर आकडा दिसायचा, पैसे आपलेच, पण काढायला गेलं की ठरावीक रकमेच्या वर काही मिळायचं नाही, आण्णा रोज सकाळी पासबुक घेऊन बसायचे. तेव्हा बँकेवर निर्बंध का आले ही एक गोष्ट आणि आण्णांच्या पैशाचं पुढं काय झालं ही वेगळीच गोष्ट, आणि घरात आम्ही सगळे दुसरीचीच वाट बघत होतो. या पानात ती दुसरी गोष्ट आहे, म्हणून मला ते लई मोलाचं वाटलं.

आता बघा, ४ नोव्हेंबर १९७९ ला इराणी विद्यार्थ्यांनी तेहरानमधली अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली, १४ नोव्हेंबरला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनी इराणचा पैसा गोठवला, साधारण १२ अब्ज डॉलर. जानेवारी १९८१ मध्ये दोन्ही देशांत अल्जियर्सचा करार झाला आणि ५२ ओलीस ४४४ दिवसांनी सुटले. ओलिसांच्या पानावर गोष्ट इथं संपते, पण पैशाची खरी गोष्ट इथंच सुरू होते. त्या वेळी सोडलेल्या जवळजवळ ८ अब्जांपैकी ३.७ अब्जाच्या आसपास बँकांची कर्जं फेडण्यात गेले, १.४ अब्ज वादातल्या रकमेसाठी बाजूला ठेवले आणि इराणच्या हातात पडले २.९ च्या आसपास. उरलेल्या दाव्यांसाठी हेगला लवाद बसवला. शहाच्या, म्हणजे १९७९ च्या क्रांतीआधीच्या राजाच्या, काळात इराणनं अमेरिकेकडं शस्त्रांसाठी भरलेले ४० कोटी डॉलर होते, ते व्याजाचे १३० कोटी धरून २०१६ ला परत मिळाले, म्हणजे मुदलाच्या तिप्पट व्याज, आमच्या काउंटरवर असा हिशोब बघून माणूस खुर्चीतच बसेल!

दक्षिण कोरियाचं प्रकरण तर वेगळंच आहे. त्यांनी इराणचं तेल घेतलं, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळं पैसे वॉनमध्ये, म्हणजे कोरियाच्या चलनात, तिथल्याच बँकांत पडून राहिले, वॉनचा भाव घसरला तसा डॉलरमधला आकडाही आटला. सप्टेंबर २०२३ ला ६ अब्ज कतारला गेले, अमेरिका आणि इराण दोघांनी पाच-पाच कैदी सोडले, आणि ऑक्टोबरात हमासनं इस्राएलवर हल्ला केल्यावर ते पैसे परत थांबवले. एकच धागा, चव्वेचाळीस वर्षांचा. एवढं सगळं एका परिच्छेदात कसं कोंबणार?

प्रत्येक देशाला असं पान द्या असं माझं म्हणणं नाही. एकदाच खातं गोठलं आणि सुटलं असेल तर परिच्छेद पुरे. पण रशियाचे २०२२ ला गोठवलेले जवळपास ३०० अब्ज डॉलर, त्यातला मोठा हिस्सा बेल्जियमच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत, किंवा अफगाणिस्तानचे २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये अडकलेले ७ अब्ज, यांना नक्की पायजे.

आता स्टार का कापला. एक म्हणजे इराणचा एकूण गोठवलेला पैसा म्हणून १०० अब्ज डॉलरचा आकडा नुसता ठोकून दिलाय. २०१५ ला अमेरिकेचे अर्थमंत्री जॅक ल्यू यांनीच सांगितलं होतं की १०० अब्जाच्या वर रक्कम असली तरी इराणला प्रत्यक्ष वापरता येणारे ५० अब्जाच्या थोडे वर, बाकी चीनमधल्या प्रकल्पांत आणि बुडीत कर्जांत गुंतलेले. शिल्लक आणि काढता येणारी शिल्लक यातला फरक पहिल्या ओळीतच यायला हवा, नाहीतर वाचणारा फसतो. दुसरं म्हणजे भारताचा भाग नावालाच आहे. आपण तेलाचे पैसे यूको बँकेत रुपयांत भरत होतो, आणि २०१९ ला इराणनं त्या व्यवस्थेतून भारताची कच्ची साखर घेतली. आपल्या ऊसवाल्या कोल्हापूरला ही ओळ किती जवळची आहे, आणि ती तिथं नाही!

भाच्याला हे सगळं सांगितलं, तो आता म्हणतोय की मामा तुमचं बरोबर आहे, आपणच मराठीत लिहूया. शीर्षकावर अजून अडलोय. त्यानं 'जप्त मालमत्ता' लिहिलं होतं, मी खोडलं, कारण जप्त म्हटलं की मालकीच गेली असं वाटतं आणि गोठवण्यात मालक तोच राहतो. 'गोठवलेली' ठेवलंय. यापेक्षा चांगला शब्द कुणाकडं असेल तर खाली लिहा, शनिवारपर्यंत पहिला भाग टाकायचाय.