संयुक्त टपाल तिकिटांचा अल्बम : एक परीक्षण

भारताने मित्रदेशांसोबत संयुक्तपणे काढलेल्या टपाल तिकिटांचा एक तयार अल्बम नाशिकमधील एका तिकीटविक्रेत्याकडून मी अलीकडे घेतला. नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयात १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे छापली जात आहेत, त्यामुळे असा अल्बम याच शहरात मिळाल्याचे मला विशेष समाधान आहे.

संयुक्त तिकिटांसाठी दोन्ही देश मिळून विषय ठरवतात, चित्रे परस्परांच्या संमतीने निश्चित करतात आणि बहुधा एकाच दिवशी, आपापल्या चलनात, ती प्रसिद्ध करतात. करारांचे मसुदे सामान्य नागरिक वाचत नाही, पण तिकीट पाकिटावरून त्याच्या घरी येते. म्हणून दोन सरकारांनी एकमेकांशेजारी काय ठेवायचे ठरवले, हे मला महत्त्वाचे वाटते.

इस्रायलसोबतच्या २०१२ च्या तिकिटांवर दिवाळी आणि ज्यूंचा हनुक्का हे दोन दीपोत्सव आहेत. निमित्त राजनैतिक संबंधांच्या २० वर्षांचे. व्हिएतनामसोबतच्या २०१८ च्या जोडीत सांचीचा स्तूप आणि फो मिन्ह पॅगोडा आहे. त्याच वर्षी इराणसोबत निघालेल्या तिकिटांवर कांडल्याचे दीनदयाळ बंदर आणि चाबहारचे शहीद बेहेश्ती बंदर दिसते. प्रत्यक्ष सहकार्य इतक्या थेटपणे मांडणारी दुसरी जोडी या अल्बममध्ये नाही. तरीही माझ्या मते सर्वांत उत्तम तिकिटे सर्बियासोबतची आहेत. त्यांवर स्वामी विवेकानंद आणि सर्बियन वंशाचे विद्युत-संशोधक निकोला टेस्ला आहेत. हे दोघे १८९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खरोखरच भेटले होते आणि वेदान्तातील प्राण (विश्वातील शक्ती) व आकाश (मूलद्रव्य) या संकल्पनांनी टेस्ला भारावून गेले होते, असे विवेकानंदांनी पत्रात लिहिले आहे. ही मैत्री कोणा मंत्रालयाला कल्पावी लागली नाही, आणि म्हणूनच ती मनाला पटते.

अल्बमचा मोठा दोष असा की त्यात केवळ भारतीय तिकिटे आहेत. समोरच्या कप्प्यात त्या-त्या देशाने काढलेले तिकीट, त्याच्या लिपीसह व चलनासह, असायलाच हवे होते; एका बाजूची तिकिटे पाहून मैत्रीचे अर्धेच चित्र हाती येते. माहितीच्या ओळीही अपुऱ्या आहेत. प्लॅस्टिकचे कप्पे साधे असल्याने पावसाळ्यातील दमटपणात मागचा गोंद चिकटण्याची भीती आहे. त्यामुळे घेणाऱ्याने तिकिटे लगेच चांगल्या स्टॉकबुकात (तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवण्याच्या वहीत) हलवावीत. किंमत दर्शनी मूल्यापेक्षा बरीच अधिक आहे, मात्र सुटी तिकिटे शोधण्याचे श्रम लक्षात घेता नव्या संग्राहकाने ती द्यायला हरकत नाही.