हास्यक्लबचे सभासदत्व : चार महिन्यांनंतरचा अभिप्राय

सेवानिवृत्तीनंतर एकट्याने फेऱ्या मारण्याचा कंटाळा आल्यामुळे कोथरूडमधील आमच्या घराजवळच्या बागेत भरणाऱ्या हास्यक्लबचा मी जूनमध्ये सभासद झालो. तोपर्यंत या मंडळींकडे कुंपणापलीकडून पाहून मीही मनात हसत असे, हे आधी कबूल करतो. 300 रुपये वार्षिक वर्गणी, एक छायाचित्र आणि एकपानी अर्ज एवढ्यावर प्रवेश मिळाला. अर्जात रक्तगट व वाढदिवस विचारला होता, आजारांचा रकाना मात्र नव्हता, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी हीच आहे.

सकाळी साडेसहाला ‘हो-हो, हा-हा-हा’ या तालावर टाळ्यांनी सुरुवात होते आणि मग दीर्घ श्वास घेत नमस्ते हास्य, लस्सी हास्य, मोबाइल हास्य असे प्रकार होतात. इथे विनोद कोणी सांगत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईतील एका बागेत पाच जणांना घेऊन असा पहिला क्लब सुरू केला तेव्हा विनोदच सांगितले जात. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले कोणाला तरी बोचू लागले आणि त्यातून विनोदाशिवाय हसण्याची ही पद्धत आली. पहिले दोन दिवस आपण नाटक करत आहोत असे वाटते. तिसऱ्या दिवशी समोरच्या गृहस्थांची कवळी सावरण्याची धडपड पाहून मला खरेच हसू आले आणि त्यांनाही.

चौथ्या दिवशी सिंह हास्याच्या वेळी, म्हणजे जीभ बाहेर काढून पोटातून हसताना, मी ओटीपोट दाबून धरले. शेजारच्या निवृत्त परिचारिका थांबून म्हणाल्या, “काका, ऑपरेशन झालंय का तुमचं?” माझी हर्नियाची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली होती. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, छातीत दुखणारा हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे व्यायाम टाळावेत, हे या पद्धतीत मुळातच सांगितलेले आहे. क्लबने ते नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत महिनाभर मी बाकावर बसून फक्त श्वसन केले.

त्या महिन्यातच क्लब खऱ्या अर्थाने कळला. सात वाजता हसणे संपले की कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा होतो, ज्याचा वाढदिवस असेल तो पैसे देतो, आणि कोणी सलग दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. आरोग्याच्या फायद्यांविषयी इथे जे दावे केले जातात ते मला जरा फुगवलेले वाटतात, पण या फोनसाठी 300 रुपये मी आनंदाने देईन.

नवख्याला त्रास होतो तो जागांचा. प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षे ठरलेली असते आणि ती कोणाची हे कुठेही लिहिलेले नसल्याने पहिल्या आठवड्यात मला तीनदा उठवले गेले. आता आंब्याखालची दुसऱ्या रांगेतली जागा माझी मानली जाते. परवा तिथे एक नवे गृहस्थ येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शस्त्रक्रियेची चौकशी करण्याआधी “अहो, जरा पलीकडे सरता का?” हे माझ्या तोंडून निघून गेले.