रेड एलसाठी क्रिस्टल माल्ट: हलका, मध्यम की गडद?

रेड एल, म्हणजे तांबूस बिअर, करायची ठरली की बेस माल्ट (बिअरचं मुख्य धान्य, मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि यीस्ट चटकन ठरतात. घोडं अडतं ते क्रिस्टलपाशी, म्हणजे रंग आणि गोडवा देणाऱ्या भाजलेल्या माल्टपाशी. ४०, ६०, ८०, १२० लोविबाँड (माल्टच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका माल्ट गडद), शिवाय त्याच जातीचे कॅरारेड, कॅराम्युनिक, स्पेशल बी. यातलं काहीही पुरेसं घातलं की बिअर तांबूस होतेच. त्यामुळे नुसत्या रंगावरून निवड करायला गेलात तर निवड होतच नाही. मी हे सगळे माल्ट रेड एलमध्ये वापरून पाहिले आहेत आणि आता एका जागी स्थिरावलो आहे. तुमची जीभ वेगळी असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होईल, तेवढी मोकळीक ठेवूनच पुढचं वाचा.

आधी थोडा हिशेब. २० लिटरची बॅच, चार किलोच्या आसपास पेल एल माल्ट, आणि १२ एसआरएमपर्यंतचा (एसआरएम म्हणजे बिअरच्या रंगाचं माप) उरलेला रंग फक्त क्रिस्टलमधून काढायचा आहे असं धरा. बिअरचा रंग काढायच्या मोरीच्या सूत्राने ४० लोविबाँडचा क्रिस्टल सुमारे ९५० ग्रॅम लागतो, ६० चा साधारण ६४०, आणि १२० चा ३२० ग्रॅममध्ये भागतं. रेसिपीच्या सॉफ्टवेअरवर तिन्ही ग्लास सारखेच लाल दिसतात. प्यायला घेतल्यावर मात्र या तीन वेगळ्या बिअर निघतात. तिन्ही माल्टची सुरुवात सारखीच असते. न वाळवलेला ओला माल्ट ड्रममध्ये ६५ ते ७० अंशांवर ठेवतात आणि दाण्याच्या आतच स्टार्चची साखर होते. फरक पडतो तो पुढच्या भाजणीत. भाजणी चढत जाते तसा सरळ गोडवा मागे पडतो आणि मनुका, अंजीर, जळक्या साखरेचा कडसरपणा पुढे येतो. म्हणून माल्टचा आकडा दुप्पट आणि वजन निम्मं केलं तर रंग तोच राहतो, पण चव पार बदलते.

हलक्या गटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ४० पर्यंतचे क्रिस्टल मधाळ, टॉफीसारखे आणि स्वच्छ चवीचे असतात. पेल एलमध्ये मला ते मनापासून आवडतात. रेड एलमध्ये मात्र एकटे पडतात. ९५० ग्रॅम म्हणजे एकूण धान्याचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि एवढ्या क्रिस्टलने बिअर जड होते, शेवटचा गोडवा टाळूला चिकटून राहतो. कॅरारेडचंही तेच. नावात रेड असलं तरी तो २० लोविबाँडच्या आसपासचा माल्ट आहे. अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, आणि हलकी माल्टची चव तो छान देतो, पण लाल रंगाची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

खरी लढत मध्यम आणि गडद यांच्यात आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत ती गडदच जिंकतो, हे मोकळेपणाने सांगतो. १२० चा क्रिस्टल किंवा स्पेशल बी २५०-३०० ग्रॅम घातलेली रेड एल ताजी असताना फार देखणी लागते. रंगाला खोली असते, वासाला मनुका आणि अंजीर, चवीत थोडी जळकी साखर. पहिल्याच घोटाला माणूस थांबून ग्लासाकडे बघतो. त्याच्या शेजारी ६० ची बिअर ठेवली तर ती साधी वाटते. टॉफी, भाजलेल्या पावाची कड, किंचित सुका मेवा, आणि बस.

माझा निर्णय फिरला तो या बाटल्या पुढे ठेवल्यावर. घरी केलेली बॅच पंधरा दिवसांत संपत नाही. २० लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या पंचवीस-सव्वीस बाटल्या. आपण त्या महिनोन्महिने एकेक करून उघडतो, कुणी आलं की दोन काढतो, काही मुद्दाम मागे ठेवतो. गडद क्रिस्टलची बिअर या काळात एका जागी थांबत नाही. मनुका वाढत जाते. दोन महिन्यांनी उघडलेल्या बाटलीत शेरीसारखा वास येतो, त्याखाली ओलसर पुठ्ठ्याची छटा, आणि कडवटपणा, सुगंध देणारे हॉप्स तोवर ओसरलेले असल्यामुळे गोडवा अधिकच उघडा पडतो. बॅच तीच, बाटल्या तशाच, साठवण एकाच जागी, तरी ज्या बिअरवर जीव जडला होता ती हाती लागत नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली, आणि अजूनही खुपते. ज्याने माझी बिअर पहिल्यांदा प्यायली त्याला पुन्हा तीच देता यावी, एवढी तरी अपेक्षा असतेच.

कारण उघड आहे. बाटली भरताना थोडी हवा आत जातेच, कितीही जपलं तरी. माल्टवर उभ्या असलेल्या कुठल्याही बिअरचं ऑक्सिडेशन झालं की ती शेरी आणि सुक्या फळांच्या दिशेने सरकते. गडद क्रिस्टलची चव आधीच त्या दिशेला उभी असते, त्यामुळे दोन्हींची बेरीज होते आणि जुनेपणा लवकर जाणवतो. ६० ची बिअरही जुनी होते, नाही असं नाही. पण तिच्यात मनुका मुळातच कमी असल्याने ती जराशी त्या बाजूला सरकली तर चव भरते, बिघडत नाही. माझ्या जिभेला तरी महिन्याभराची आणि तीन महिन्यांची बाटली एकाच घरची वाटते. तुमच्याकडे केग (बिअर साठवायची धातूची बंद टाकी) असेल, कार्बन डायऑक्साइडने नीट हवा काढून तुम्ही बंद पद्धतीने भरत असाल आणि थंडीत साठवत असाल, तर हा मुद्दा बराचसा निवळतो. मग गडदचा विचार जरूर करा.

मध्यम क्रिस्टलची एक उणीव आहे, ती लपवत नाही. एकट्या ६० ने रंग तांब्याकडे जातो, लालाकडे नाही, आणि वजन वाढवत नेलं तर गोडवा पुन्हा डोकं वर काढतो. यावरचा जुना उपाय रोस्टेड, म्हणजे काळपट होईपर्यंत भाजलेल्या, बार्लीचा. आयरिश पद्धतीच्या रेड एलमध्ये ती चिमूटभर पडते ती याचसाठी. रंग लाल होतो आणि शेवटचा घोट कोरडा होतो. माझं प्रमाण २० लिटरला असं: पेल एल माल्ट ३.८ किलो, ६० चा क्रिस्टल ३०० ग्रॅम, आणि रोस्टेड बार्ली ३०० लोविबाँडची असेल तर ६० ग्रॅम. बार्ली ५०० ची असेल तर ३५ ते ४० ग्रॅम पुरते. रंग १२ एसआरएमच्या आगेमागे येतो, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधी किती साखर उतरली त्याचं माप) माझ्या भांड्यांत १.०४४ च्या आसपास. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेने आखलेल्या आयरिश रेडच्या चौकटीत, म्हणजे ९ ते १४ एसआरएम आणि १.०३६ ते १.०४६ मध्ये, हे आरामात बसतं. बार्ली मी मॅशच्या, म्हणजे गरम पाण्यात धान्य भिजवून साखर काढण्याच्या, शेवटच्या पंधरा मिनिटांत वर पसरतो. रंग पूर्ण उतरतो, कॉफीचा वास मात्र मागेच राहतो. शंभर ग्रॅमच्या पुढे गेलात तर पोर्टरची (गडद, भाजक्या चवीच्या बिअरची) चाहूल लागते, तिथे हात आवरावा.

पिशव्यांवरच्या नावांवर विसंबू नका, आकडा बघा. एकाचा मध्यम दुसऱ्याचा गडद असू शकतो. युरोपियन पिशवीवर ईबीसी हे तिकडचं रंगाचं माप असतं. त्याला २.६५ ने भागलं की लोविबाँड जवळपास येतो. म्हणजे १५०-१६० ईबीसीचा ब्रिटिश क्रिस्टल किंवा कॅराम्युनिक ३ हे ६० च्या जागी खुशाल वापरा. मला स्वतःला ब्रिटिश अधिक भावतो, त्यात भाजलेल्या पावाची चव जरा जास्त असते. पण हा फरक बारीक आहे, त्यासाठी अडून बसू नये.

८० चा क्रिस्टल मधल्या मार्गाने जातो. ज्यांना ६० फिका वाटतो त्यांनी २०० ग्रॅम ६० आणि ७५ ग्रॅम ८० असं करून बघायला हरकत नाही, मनुका आवाक्यात राहते. गडद मी हद्दपार केलेला नाही. सहा टक्क्यांची, भरपूर हॉप्सची अमेरिकन धाटणीची रेड करायची असेल आणि ती एखाद्या समारंभात एका रात्रीत संपणार असेल, तर १२० चे १०० ग्रॅम मी आजही आनंदाने घालीन.

तरीही मन ठरत नसेल तर धान्य घेण्याआधी एक करा. दोन्ही क्रिस्टल थोडे भरडून प्रत्येकी ३० ग्रॅम घ्या आणि २०० मिलिलिटर पाण्यात ६५ ते ७० अंशांवर अर्धा तास वेगवेगळे भिजवा. त्यांचा स्टार्च आधीच साखर झालेला असल्याने मॅशची गरज पडत नाही. एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे माल्टच्या तयार अर्कावर, बिअर करणारे क्रिस्टल असाच वापरतात. गाळून कोमट असताना चाखा, मग थंड करून पुन्हा चाखा. थंड झाल्यावर गोडवा दबतो आणि गडदमधला कडसरपणा स्पष्ट कळतो. उरलेलं पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थोडी रोस्टेड बार्ली अशीच भिजवून तिच्या काढ्याचे दोन-तीन थेंब ६० च्या कपात टाकून बघा. तो कोरडा शेवट जिभेला पटला, तर क्रिस्टलचा प्रश्न तिथेच सुटतो.