सीलबंद खोक्यातून आलेली जुनी बेस गिटार

दुकानात बेस गिटार वाजवून पाहिलीत, पसंत पडली, आणि विक्रेता म्हणाला, "हा डेमो पीस आहे, तुम्हाला गोडाऊनमधून सीलबंद देतो," तर तिथेच थांबा. हातातला पीस चांगला असेल तर तोच मागा. सीलबंदच हवा असेल तर खोकं काउंटरवर फोडायला लावा आणि ती गिटार अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला, जोडून वाजवा. माझे २८,००० रुपये या एका वाक्यात अडकले आहेत. तुमचे अडकू नयेत म्हणून हे लिहितोय.

मी साताऱ्याचा. आमच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. पुण्यातल्या एका दुकानात चार तारांची गिटार पाहिली. मोठ्या अ‍ॅम्पवर वाजवली, 'ई'ची जाड तार सगळ्या फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, सारखी बोलत होती. पैसे भरले. गोडाऊन शहराबाहेर आहे, ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो, असं सांगितलं. खोकं आलं तेव्हा चिकटपट्टी जागच्या जागी, आत फोम, पिकगार्डवर, म्हणजे तारांजवळ ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेल्या पत्र्यावर, प्लास्टिकची फिल्मसुद्धा होती.

सूर लावला आणि 'जी'च्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर वर सरकलो. बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक सूर टक्क आवाज करून विझत होता. दुकानात फोन केला.

"सर, बेसला थोडा बझ असतोच."

"अहो, पण अ‍ॅम्पमधून येतोय."

"पावसाळा आहे, लाकूड ओल धरतं. वाजवत राहा, आपोआप सेट होईल."

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि नवखा माणूस तिथेच गप्प होतो. बेसच्या तारा जाड असतात, जोरात छेडल्या की लांब झोका घेतात. अ‍ॅम्पशिवाय वाजवताना फ्रेटवर जरा खडखड, म्हणजेच बझ, ऐकू आली आणि अ‍ॅम्पमधून सूर स्वच्छ आला, तर तो दोष नाही. पावसाळ्यात नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, थोडी हलते हेही खरं, आणि ती सरळ करायलाच नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तिचा नट बहुतेक वेळा पाव आटा फिरवला की काम होतं. पण ट्रस रॉड फक्त नेकचा बाक काढतो. नेक पिळली असेल, म्हणजे 'ई'ची बाजू एका पातळीत आणि 'जी'ची दुसऱ्या, तर कितीही नट फिरवा, उपयोग नाही.

गिटार कोल्हापूरच्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी आधी हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, नेकवर एक डोळा मिटून नजर लावली आणि मलाही लावायला सांगितली. पावसाने फुगलेल्या दाराच्या फळीसारखी नेक एका अंगाला वळली होती. ट्रस रॉडचा नट आधीच शेवटच्या आट्यापर्यंत कसलेला. मग त्यांनी 'जी'ची तार बाजूला सारून पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर माझं नख फिरवायला लावलं. नख खाचेत अडकलं. तारा कोऱ्या, पण फ्रेट तारेखाली झिजलेले! पट्ट्याचं बटण काढलं तर स्क्रूच्या भोकात काडेपेटीची काडी कोंबलेली. पिकगार्डवरची फिल्म सोलली, तिच्याखाली नखांचे ओरखडे.

"दादा, ही भाड्याने फिरलेली दिसतेय," ते म्हणाले. "नवीन गिटारचा फ्रेट असा खाल्लेला नसतो."

फोटो घेऊन दुकानात गेलो. त्यांनी बिल पुढे केलं. बिलावर एवढंच: 'गिटार, १ नग'. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. "ही आमचीच कशावरून?" मी ट्रान्सपोर्टची बिल्टी दाखवली, तिच्यावर दुकानाचं नाव होतं. मग बोट भिंतीवरच्या पाटीकडे गेलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एका कार्यक्रमाचं मानधन किती असतं हे या लोकांना चांगलं माहीत असतं. तरी वाजवणाऱ्यालाच असं लुबाडतात, याचा मला फार संताप आला.

ती पाटी कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणून "वाजवत राहा, सेट होईल" हे ऐकून महिना घालवू नका. त्याच दिवशी लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दुकान पुण्यात असलं तरी मला साताऱ्यातच दाद मागता आली.

घेताना चारही तारा, पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत, एकेक सूर वाजवा. दुकानात गाणी लावलेली असतील तर बंद करायला सांगा, लाजू नका. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मधे तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहा. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी बारीक फट ठीक. 'ई' आणि 'जी' दोन्हीकडे पाहा, दोन्हीकडच्या फटीत ठळक फरक दिसला तर ती गिटार सोडा. हेडस्टॉकच्या मागे किंवा जिथे असेल तिथला सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. "कशाला हवा?" असं कुणी विचारलं तर तिथून काही घेऊ नका.

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर दुकानातून फोन आला, "दुसरा पीस पाठवतो, तक्रार मागे घ्या." पीस नको, पैसे परत द्या, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. कारागिराचं लेखी म्हणणं, फोटो, बिल्टी आणि यूपीआयची पावती जोडून मी आयोगात तक्रार दाखल केली आहे. निकाल लागेपर्यंत त्या गिटारला कुणालाही हात लावू देणार नाही. कार्यक्रम मित्राच्या गिटारवर चालू आहेत.