कुसळं की वाळू? पाऊस सरल्यावर कुत्र्यांना घेऊन कुठे जावं

घटस्थापना झाली की आमच्या सोसायटीतली कुत्रेवाली मंडळी एकच प्रश्न विचारतात: यंदा डोंगराकडे, की कोकणात? पाऊस थांबलेला असतो, शाळांना सुट्ट्या लागायच्या असतात, चार महिने ओल्या पायांनी जिन्यात बसून कंटाळलेली कुत्री दार उघडायची वाट बघत असतात. पुण्यातून दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मी आणि बायको गेली सहा वर्षं दोन्ही करून बघतो आहोत, म्हणून आमचा अनुभव सांगतो. तुमची कुत्री वेगळी असतील, तर उत्तरही थोडं वेगळं येईल.

आमच्याकडे दोघं आहेत. चिंगी गावठी, आखूड केसांची, काटक. बंड्या कॉकर स्पॅनियल, लांब केसांचा. वाकून वास घेताना त्याचे कान जमिनीवर लोळतात. हे कान पुढे महत्त्वाचे आहेत.

आधी डोंगराची बाजू, कारण मन तिकडे आधी धावतं. मुळशी, वेल्हे, भोर, कुठेही जा. सकाळी सहाला निघालं तर चहाच्या वेळेला पोचता येतं आणि संध्याकाळी घरी परतता येतं. मुक्काम शोधायला नको, सुट्टी टाकायला नको. सप्टेंबरअखेर उतारांवर सोनकी पिवळीधमक असते, ओढ्यांना पाणी असतं, हवेत गारवा असतो. चिंगी बांधावरून अशी पळते की बघत राहावं. अभयारण्याच्या हद्दीत मात्र कुत्री नेऊ नका. तिथल्या प्राण्यांना आपल्या कुत्र्यांचे आजार होऊ शकतात, आणि ससा दिसला की भलं शिकवलेलं कुत्रंही ऐकत नाही. गावाबाहेरचा माळ, धरणाकाठचा मोकळा उतार, ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत, एवढं आपल्याला पुष्कळ आहे. गोचिडांचा त्रास होतो, पण औषध वेळेवर लावलं आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या तपासल्या की निभतं.

निभत नाही ते कुसळ.

सप्टेंबरात हिरवं, मऊ दिसणारं गवत दसऱ्यानंतर पिवळं पडायला लागतं आणि त्याला कुसळं धरतात. माळावर चालून आल्यावर आपल्या मोज्यांत टोचतात ती हीच. एक कुसळ तळहातावर घेऊन नीट बघा. पुढचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले तांबूस केस, आणि मागे लांब, काळपट, पीळ पडलेली शेपूट. शेपटीला ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानेच बी मातीत शिरतं. गवताची ती रुजायची सोय आहे. पण माती काय आणि कुत्र्याची कातडी काय, कुसळाला सारखीच. आणि मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात वेल्ह्याकडून परतलो तेव्हा बंड्याच्या अंगावर शंभरेक कुसळं असतील. वर्तमानपत्र अंथरून दोघांनी दोन तास कंगव्याने काढली. सगळी निघाली असं वाटलं. रात्री तो मान झटकायला लागला, सकाळी डोकं डावीकडे कललेलं होतं, आणि कानाला हात लावला की तो कळवळत होता. डॉक्टरांनी दिवा घालून बघितलं तर कुसळ कानाच्या आतल्या वळणावर अडकलेलं. भूल देऊन चिमट्याने काढावं लागलं. आणखी आत गेलं असतं तर पडद्याला लागलं असतं, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये गळू आलं. त्यातून दुसरं निघालं. आमची तपासणी कमी पडली हे खरं आहे, पण लांब केसांच्या कुत्र्याचं अंग दर वेळी इतकं बारीक तपासायला जमतंच असं नाही. तेव्हापासून दसरा ते होळी आम्ही रोजचा फेरासुद्धा टेकडीवरून हलवून डांबरी रस्त्यावर आणला आहे.

आता कोकण. आम्ही ताम्हिणी घाटाने माणगाव आणि पुढे दिवेआगर असं जातो. खायला-थांबायला धरून पाच तास लागतात. घाटातली वळणं बंड्याला सोसत नाहीत. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवलं आणि मुळशीच्या पाण्याकाठी एकदा उतरवलं की उलटी होत नाही, हा आमचा अनुभव. मुक्काम करावाच लागतो. घरगुती मुक्कामाच्या जागी फोन करताना ‘कुत्री चालतील का?’ एवढंच विचारू नका. खोलीत झोपतील की पडवीत बांधावी लागतील, घरात कोंबड्या किंवा मांजरं आहेत का, हेही विचारा. बिबट्याचा वावर कोकणातही आहे, त्यामुळे रात्री कुत्री आतच हवीत. आम्ही जातो तिथल्या काकूंनी पहिल्या वर्षी साफ सांगितलं होतं, ‘‘खोलीत ठेवा, पण वाडीत मोकळी सोडू नका हं, माझी कोंबडी वेचून खातील.’’ असं स्पष्ट बोलणारं घर मिळालं तर सोडू नका.

किनाऱ्यावरही धोके आहेत. जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा वाळूवर पडलेला असतो. तो विषारी आहे, कुत्र्याने खाल्ला तर जिवावर बेततं. खारं पाणी प्यायली तर जुलाब होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली बरोबर हवीच. आणि दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्री वास काढून घरटी उकरतात. म्हणून दिवाळीनंतर आम्ही तिथे पट्टा अजिबात सोडत नाही, आणि इतरांनीही सोडू नये असं मनापासून वाटतं.

पण या सगळ्याला डोळ्यांनी बघून, पट्टा हातात ठेवून आवरता येतं. कुसळाला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हाचं म्हणाल तर ते खरंच कडक असतं. नऊनंतर कोरड्या वाळूवर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, ठेववत नसेल तर पंजेही ठेवू नयेत. म्हणजे कुत्र्यांसाठी समुद्र सकाळी आणि संध्याकाळीच, आणि त्याच वेळी ओहोटी हवी, कारण ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरच ती जीव तोडून पळतात. याचा हिशेब किनाऱ्यावरची माणसं पंचांगावरून करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती; पाणी सुरूच्या बनाकडे सरकलेलं, कुत्र्यांना जागाच उरत नाही. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं. अंदाजाची रीत आहे, थोडं मागेपुढे होतं, पण आम्हाला तिने अजून फसवलेलं नाही.

म्हणून कोजागरी. दिवाळीच्या अमावास्येलाही ओहोटी पहाटेच येते, पण तेव्हा मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात आणि किनाऱ्यावर फटाके वाजतात. फटाक्यांना घाबरणारं कुत्रं असेल तर लक्ष्मीपूजनाला मी डोंगराकडचं एखादं आडबाजूचं घरच सुचवेन. अंगणाबाहेर गवतात मात्र जाऊ देऊ नका.

तुमचं कुत्रं आखूड केसांचं, उभ्या कानांचं असेल आणि सुट्टी एकाच दिवसाची असेल तर दसऱ्याच्या आत डोंगर उरकून घ्या, कोकणाचा अट्टहास करू नका. एकटी चिंगी असती तर आम्हीही कदाचित तेच केलं असतं. केस लांब असतील तर मात्र कोजागरीच्या आदल्या दिवशीची रजा आत्ताच टाका.

गेल्या कोजागरीला मसाला दूध पिऊन उशिरा झोपलो, तरी साडेपाचला किनाऱ्यावर होतो. चांदणं अजून पाण्यावर होतं. चिंगी खेकड्यांची बिळं उकरत होती आणि बंड्या कान उडवत सरळ रेषेत पळत सुटला, ठिपक्याएवढा होईपर्यंत. परत आल्यावर काकूंच्या विहिरीच्या पाण्याने दोघांना धुतलं, पंच्याने पुसलं, उन्हात बसवलं. वाळू सुकली आणि आपोआप गळून पडली. कंगव्यात काहीच अडकलं नाही.