बेल हुक्सचं 'ऑल अबाउट लव्ह' वाचून झालं, त्याबद्दल

प्रेमावरचं पुस्तक म्हटलं की मी लांबच राहायचे, कारण एकतर त्यात नातं कसं टिकवायचं याच्या टिप्स असतात नाहीतर नुसतं गोडगोड. हे घेतलं ते बेल हुक्स स्त्रीवादी लेखिका म्हणून माहीत होती म्हणून. (मूळ नाव ग्लोरिया वॉटकिन्स, पणजीचं नाव तिने लिहिण्यासाठी घेतलं, मला हे फार आवडतं.) पुस्तक 2000 सालचं, 13 प्रकरणं, भाषा सोपी, आधी फेमिनिझम किंवा फिलॉसॉफीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही.

पहिलं प्रकरण सगळ्यात भारी आहे. ती म्हणते आपण जन्मभर प्रेम प्रेम करतो पण त्याचा अर्थ काय हे कोणी ठरवतच नाही आणि मग त्या नावाखाली काहीही खपून जातं. ती स्कॉट पेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाची व्याख्या घेते, थोडक्यात सांगायचं तर स्वतःची किंवा समोरच्याची आत्मिक वाढ व्हावी म्हणून स्वतःच्या पलीकडे जायची इच्छा, आणि इच्छा म्हणजे कृतीसकट. मग त्यात काय काय लागतं तेही सांगते: काळजी, आपुलकी, दखल, आदर, बांधिलकी, विश्वास आणि खरा मोकळा संवाद. नुसता जीव जडला म्हणजे प्रेम नव्हे. आपल्याकडे याला लळा लागणं असा नेमका शब्द आहे, तो वाचताना सारखा आठवत होता, लळा लागतो, प्रेम करावं लागतं.

मी ते सातही शब्द मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहिले आणि माझ्या जुन्या नात्यासाठी एकेकापुढे टिक करत गेले. तो माझी काळजी खूप घ्यायचा, तापात रात्रभर उशाशी बसला होता, ते खोटं नव्हतं, पण मी नोकरी बदलायचं काढलं की दोन दोन दिवस बोलायचा नाही आणि मी शेवटी विषयच काढायचा सोडून दिला. काळजीपुढे टिक, आपुलकीपुढे टिक, आदरापाशी पेन्सिल तशीच थांबली. इतकी वर्षं मला वाटायचं की एवढं करणाऱ्या माणसाबद्दल तक्रार करणारी मीच कृतघ्न आहे.

दुसरं प्रकरण लहानपणावर आहे आणि ते वाचायला जड जातं, कारण जिथे छळ आहे तिथे प्रेम असू शकत नाही असं ती ठामपणे म्हणते आणि स्वतःच्या घरालाही त्यातून सूट देत नाही. मुलांना मारण्याबद्दलही तेच. भल्यासाठी मारलं हे ऐकत वाढलेल्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मधली प्रकरणं मात्र ढिली आहेत. अध्यात्माबद्दल तेच तेच परत येतं आणि शेवटचं देवदूतांचं प्रकरण माझ्यापर्यंत पोचलंच नाही. बायका अशा, पुरुष तसे अशी सरसकट विधानंही आहेत, तिच्यासारख्या लेखिकेकडून ती खटकतात. पाचपैकी चार देईन, एक याच्यासाठी कापला.

यानंतर मनोविश्लेषक एरिक फ्रॉमचं 'द आर्ट ऑफ लव्हिंग' (1956) घेतलं. प्रेम ही शिकायची, सराव करायची कला आहे हे त्याचं म्हणणं पटतं, पण आईचं प्रेम बिनशर्त आणि बापाचं कमवावं लागणारं ही वाटणी वाचून मी चिडले, आईवर केवढं ओझं टाकलंय त्यात! फ्रेंच स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हुआरच्या 'द सेकंड सेक्स'मधलं (1949) प्रेमात पडलेल्या बाईवरचं प्रकरण त्यावर बरोब्बर उत्तर वाटलं, बाईला स्वतःचं काही उभं करायला जागाच ठेवली नाही म्हणून ती सगळं प्रेमातच शोधते. ग्रंथ जाडजूड आहे, एवढं एक प्रकरण वाचलं तरी चालेल.

हुक्सची माझी प्रत सध्या बहिणीकडे आहे. देताना ते टिक केलेलं पान खोडणार होते, मग तसंच ठेवलं.