अफगाणिस्तान, 2009: फौज वाढवायची की आवरती घ्यायची?

2009 च्या शेवटी ओबामांपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. अफगाणिस्तानातले अमेरिकी सेनापती जनरल मॅकक्रिस्टल म्हणत होते, आणखी सुमारे 40,000 सैनिक द्या. गावं ताब्यात घेऊ, लोकांना संरक्षण देऊ, कारभार उभा करू. उपाध्यक्ष बायडन यांचं म्हणणं: गावं सांभाळत बसू नका; ड्रोन आणि विशेष दलं घेऊन अल-कायदाच्या मागे लागा.

ओबामांनी 30,000 दिले आणि त्याच भाषणात जुलै 2011 पासून माघारीही जाहीर केली. (तालिबानला वाट बघायला काय जातंय!)

पहिल्या वाटेची परीक्षा झाली दक्षिण अफगाणिस्तानातल्या हेलमंद प्रांतात, मारजात. कालवे आणि अफूच्या शेतांचा हा पट्टा फेब्रुवारी 2010 मध्ये हजारो सैनिकांनी घेतला. मागोमाग ‘डब्यात भरून तयार ठेवलेलं सरकार’ येणार होतं. डबा उघडला तर आत फारसं काही नव्हतंच. रात्री तालिबानी गावकऱ्यांना धमकावत, आणि मे महिन्यात खुद्द मॅकक्रिस्टलच मारजाला भळभळती जखम म्हणाले.

बायडन यांची वाट स्वस्त, पण तिच्यातही खोट होती: गावात आपलं माणूस नसेल तर ड्रोनला खबर कोण देणार? तरी मला तीच कमी वाईट वाटते. बिन लादेन 2011 मध्ये मारला गेला तो अबोटाबादला, पाकिस्तानात. मोजक्या कमांडोंच्या हातून.